लाखेरीचं भांडण आणि माझं बीए फ्रेंच

आमच्या घरात दोन पार्ट्या आहेत. आजीचं माहेर ग्वाल्हेरचं, म्हणून ती शिंद्यांची. आजोबा चार पिढ्यांचे इंदूरकर, म्हणून ते होळकरांचे. एरवी यावरून फार काही होत नाही, गणपतीत मोदक उकडीचे की तळलेले एवढ्यावर भागतं, पण मागच्या महिन्यात मी रात्री जेवताना जाहीर केलं की बारावीनंतर मला बीए फ्रेंच करायचंय, फ्रेंच भाषा, साहित्य, संस्कृती सगळं, तर बाबा गप्प झाले, आईने विचारलं हॉस्टेल कुठे, आणि आजी-आजोबांचं लाखेरीवरून जुंपलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. १७९३ साली राजस्थानात लाखेरीला महादजी शिंद्यांची फौज आणि तुकोजी होळकरांची फौज एकमेकींशी लढल्या. मराठे मराठ्यांशीच. पण शिंद्यांच्या कवायती पलटणी होत्या द ब्वान्य नावाच्या माणसाच्या हाताखाली (आजी त्याला डिबॉइन म्हणते, पुस्तकातही तसंच असतं) आणि होळकरांच्या पलटणी होत्या दुद्रनेक नावाच्या फ्रेंच माणसाच्या. म्हणजे दोन्हीकडे फ्रेंच बोलणारे अधिकारी आणि मरणारे आपले. जिंकले शिंदे. झालं, आजी म्हणाली, "आमच्या पाटीलबावांनी (म्हणजे महादजींनी) माणूस पारखून घेतला होता." आजोबा म्हणाले, "पैसा होता तुमच्याकडे, दुसरं काय." आणि माझं बीए तिथेच राहिलं.

आता गंमत अशी की त्या रात्री मी चिडून द ब्वान्यबद्दल वाचत बसले आणि माझा सगळा प्लॅन तिथून सुरू झाला. चुकीच्या टोकाकडून, पण सुरू झाला.

तर हा द ब्वान्य खरं म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने फ्रेंच नव्हताच, तो साव्वा प्रांतातल्या शांबेरी गावचा, १७५१चा जन्म, आणि साव्वा तेव्हा सार्डिनियाच्या राजाकडे होतं, फ्रान्सकडे ते गेलं नंतर. हिंदुस्थानातून प्रचंड पैसा घेऊन तो परत गेला आणि म्हातारपणी गावाला भरपूर देणग्या दिल्या. त्याच्या आठवणीसाठी १८३८ साली शांबेरीत भर चौकात एक कारंजं बांधलं, चार बाजूंना चार हत्ती. पण हत्ती फक्त पुढून! मागचा भाग खांबातच गेलाय. म्हणून तिथले लोक त्या कारंज्याला 'ले कात्र सां क्यु' म्हणतात, अर्थ असा की चौघे बिनबुडाचे, म्हणजे बूड या शब्दाचा जो अर्थ तुमच्या मनात आला तोच. हे मी आजीला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला, मग म्हणाली, "बघ, पाटीलबावांचा पैसा तिकडे पाणी उडवतोय."

आणि शांबेरीत युनिव्हर्सिटी आहे. साहित्य, भाषा शिकवणारी. मी लगेच ठरवून टाकलं की मी तिथे जाणार, बारावी झाली की थेट.

इथे बाबांची एन्ट्री. बाबा बँकेत आहेत, त्यांना कुठलीही गोष्ट कागदावर आल्याशिवाय दिसत नाही. त्यांनी कालनिर्णयच्या पाठीमागे हिशेब मांडला. फ्रान्समध्ये बीएला लिसांस म्हणतात, तीन वर्षं, सहा सेमिस्टर, एकशे ऐंशी क्रेडिट. सरकारी युनिव्हर्सिटीत युरोपबाहेरच्या मुलांसाठी २०१९ साली वर्षाला २७७० युरो फी ठरवली (त्यांच्या स्वतःच्या पोरांना तेव्हा १७० होती, असो), नंतर ती थोडी थोडी वाढत गेली, काही युनिव्हर्सिट्या यात सूटही देतात. व्हिसासाठी दाखवावं लागतं की महिन्याला निदान ६१५ युरो हातात आहेत. बाबांनी युरो शंभर रुपयाला धरला, ६१५ गुणिले बारा म्हणजे ७३८०, त्यात फी मिळवली, वर्षाचे दहा लाख पंधरा हजार. विमान वेगळं. बाबा काही बोलले नाहीत, फक्त कालनिर्णय परत खिळ्याला अडकवलं, पान उलटं करून, हिशेब दिसेल असं. तो महिनाभर तसाच लटकत होता आणि आम्हाला एकादशी कधी ते कळत नव्हतं.

मी म्हटलं मी काम करीन तिथे. विद्यार्थ्यांना वर्षाला ९६४ तास काम करायची परवानगी असते. बाबा म्हणाले, "आधी तिथल्या दुकानदाराशी बोलता तर यायला पाहिजे."

तेच तर. पैशाची अडचण दुसरी होती, पहिली अडचण मला एका शनिवारी कळली आणि तीही पैसे देता देता वाचलो म्हणून. आम्ही इथल्याच एका कन्सल्टन्सीत गेलो होतो, नाव नको घ्यायला. काचेचं केबिन, मागे आयफेल टॉवरचं पोस्टर, आणि तो भिया म्हणे, "फ्रेंच की टेंशन मत लो, ए वन करा लो हमारे यहाँ, ॲडमिशन हम दिला देंगे." आई पर्समध्ये हात घालत होती. मी विचारलं की मला साहित्य शिकायचंय, तर ते वर्ग फ्रेंचमध्ये असतील ना? तर म्हणे मॅनेजमेंट कर लो, इंग्लिश में है. मी परत तेच विचारलं. त्याने परत मॅनेजमेंटच सांगितलं. आईने पर्स बंद केली. आम्ही छप्पन दुकानवर जाऊन शिकंजी प्यायलो आणि घरी आलो.

घरी येऊन स्वतः शोधलं तर चित्र असं. फ्रान्सच्या युनिव्हर्सिटीत साहित्याच्या पहिल्या वर्षाला बसायचं तर भाषा बी टू लेव्हलची लागते. लेव्हली सहा आहेत, ए वन, ए टू, बी वन, बी टू, सी वन, सी टू. ए वन म्हणजे माझं नाव अमुक, मला पोहे आवडतात. बी टू म्हणजे एखाद्या विषयावर अडीचशे शब्दांत मुद्देसूद वाद घालून दाखवायचा, तासाभरात. ए वनला साधारण शंभर तास शिकणं धरतात, बी टूपर्यंत पोचायला एकूण पाचशे ते साडेसहाशे. आणि पहिल्या वर्षासाठी जी वेगळी अर्जाची पद्धत आहे (तिला दाप म्हणतात, देमांद द'आद्मिस्यों प्रेआलाब्ल, बोलताना दम लागतो) तिचे अर्ज आदल्या हिवाळ्यात जातात, सप्टेंबरात कॉलेज सुरू होणार असेल तर त्याआधीच्या हिवाळ्यात. म्हणजे बारावीची प्रीबोर्ड चालू असताना माझ्या हातात बी टू पाहिजे. माझ्याकडे काय होतं, सहावी ते आठवी शाळेत तिसरी भाषा म्हणून केलेलं फ्रेंच, ज्यात आम्ही तीन वर्षं आठवड्याचे वार म्हणत होतो, आणि मागच्या वर्षभरात पुण्याच्या एका मॅडमकडे ऑनलाइन आठवड्यात तीन दिवस. ए टूच्या दारात उभी आहे मी. दारात म्हणजे अजून चपला काढायच्यात.

म्हणून आधी जे उलटं धरलं होतं ते सुलटं केलं. बीए इथे करायचं, त्यात तीन वर्षांत बी टू आणि जमलं तर सी वन गाठायचं, आणि तिकडे जायचं ते मास्टर्सला. शांबेरीचे हत्ती काही पळून जात नाहीत, त्यांना मागचे पायच नाहीत.

मग इथे म्हणजे कुठे. इंदुरात राहून डिग्री करावी असं मला वाटत नाही, याचं कारण इंदूर नाही, कारण आजीच्या हातचं जेवण आहे, मी कधीच काही करणार नाही. तर यादी केली. दिल्लीला जेएनयू, तिथे फ्रेंच आणि फ्रँकोफोन स्टडीजचं सेंटर आहे आणि बीए ऑनर्सला अगदी शून्यापासून घेतात, म्हणजे शेजारी बसणाऱ्याला बोंजूरही येत नसेल. दिल्ली युनिव्हर्सिटीत जर्मॅनिक अँड रोमान्स स्टडीजच्या डिपार्टमेंटमध्ये फ्रेंच ऑनर्स. बनारसला बीएचयू. हैदराबादला इफ्लू, म्हणजे भाषांचीच युनिव्हर्सिटी. पुण्यात फर्ग्युसन, आणि त्याच रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट, जिथे सर्टिफिकेट-डिप्लोमावाली गर्दी असते. आणि बडोद्याला एमएस युनिव्हर्सिटी, तिथे आर्ट्समध्ये फ्रेंच डिपार्टमेंट आहे आणि दांडिया बाजारात माझी मावशी आहे, घरच्यांच्या मते दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा.

दिल्लीसाठी सीयूईटी (केंद्रीय युनिव्हर्सिट्यांची सामायिक प्रवेश परीक्षा, बारावीच्या विषयांवर) द्यावी लागते आणि ही गोष्ट माझ्या क्लासमधल्या अर्ध्या मुलांना माहीतच नव्हती, त्यांना वाटत होतं फ्रेंचसाठी फ्रेंचची परीक्षा असेल. मी कॉमर्सची, म्हणजे माझ्या फ्रेंचच्या ॲडमिशनचं भविष्य सध्या अकाउंट्सवर टांगलेलं आहे. मॅडमना सांगितलं तर हसल्या, म्हणाल्या, "बरं आहे, निदान बॅलन्स शीट जमेल, आमच्यात कुणालाच जमत नाही."

या मॅडमनीच मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगितली आणि ती ऐकून मी दोन दिवस जरा घाबरले होते. त्या म्हणाल्या, "तुला नक्की काय करायचंय, फ्रेंच बोलायचंय की फ्रेंच वाचायचंय? बोलायचं असेल तर डिग्री कशाला घेतेस, बीकॉम कर, सोबत क्लास लाव, पाच-सहा वर्षांत बी टू होशील, एखाद्या कंपनीत चांगली नोकरी लागेल, फ्रेंचवाल्यांना पगार बरा देतात. डिग्री घेणार असशील तर तिथे तुला सोळाव्या शतकातली कविता देतील आणि विचारतील की कवीने इथे हाच शब्द का घातला." मी म्हटलं कळलं. पण कळलं नव्हतं.

म्हणून मी वेगवेगळ्या ठिकाणचे सिलॅबस उघडून वाचले. साधारण सगळीकडे आकार सारखा. पहिलं वर्ष जवळजवळ पूर्ण भाषाच, व्याकरण, उच्चार, ऐकणं, लिहिणं. मग हळूहळू फ्रान्सचा इतिहास आणि समाज, ज्याला ते सिव्हिलिझास्यों म्हणतात, मग साहित्य शतकाशतकाने, मग भाषांतर दोन्ही बाजूंनी, मग फ्रान्सबाहेरचं फ्रेंच साहित्य. आणि एक प्रकार आहे एक्स्प्लिकास्यों द तेक्स्त. उतारा द्यायचा, वीसेक ओळींचा, आणि ओळ न् ओळ सोलायची, वाक्य इथेच का तुटलं, क्रियापदाचा हा काळ का, स्वल्पविराम का. मी आईला दाखवलं. आईचं शिक्षण नाशिकला, मराठी माध्यम. ती बघून म्हणाली, "अगं हे तर रसग्रहण." मग स्वतःच म्हणाली, "पण नाही, आम्ही रसग्रहणात कवीचं कौतुक करायचो, इथे तर उलटतपासणी चाललीय." मला वाटतं एवढी नीट व्याख्या कुठल्या सिलॅबसमध्ये नसेल.

दुसरा प्रकार दिसेर्तास्यों. हा म्हणजे पीएचडीचा प्रबंध नाही, हा परीक्षेतला निबंध. एक विधान देतात, त्यातून आधी तुम्ही स्वतः प्रश्न काढायचा, मग एक बाजू, मग दुसरी बाजू, मग तिसरीकडून दोघींना गाठायचं. आमच्या शाळेत निबंध म्हणजे पहिला परिच्छेद सुविचार आणि शेवटचा परिच्छेद सुविचार. मी एक लिहून बघितला, विषय घेतला 'प्रवासाने माणूस बदलतो का', मॅडमनी परत पाठवला, खाली लाल अक्षरात एकच ओळ, तुझा प्रश्न कुठे आहे? नव्हताच. मी डायरेक्ट उत्तर लिहिलं होतं.

आणि खरं सांगू, तिथेच माझं ठरलं. वाईट मार्क मिळाले म्हणून नाही, पण ती लाल ओळ वाचून मला राग यायच्या ऐवजी परत लिहावंसं वाटलं. अकाउंट्सचं उत्तर चुकलं की मला कधीच परत करावंसं वाटत नाही.

भाषेचं म्हणाल तर मराठी असल्याचे काही फायदे आहेत जे कुणी सांगत नाही आणि इंदूरकर मराठी असल्याचे जास्तच. फ्रेंचमध्ये नाकातले स्वर आहेत, बों, वँ, ब्लां. माझी पुण्याची मामेबहीण बोंजूर म्हणते तेव्हा मध्ये चांगला खणखणीत न् ऐकू येतो, कारण मराठीत आपण अनुस्वार देतो आणि बोलताना न् नाहीतर म् करून टाकतो. आपल्याकडे दिवसभर हिंदीत हाँ, नहीं, कहाँ चालू असतं, नाक तयारच असतं. मॅडमना वाटलं मी घरी खूप प्रॅक्टिस केली. मी फक्त भाजीवाल्याशी बोलत होते.

आकडे. फ्रेंच आकड्यांना सगळे रडतात, ऐंशीला ते 'कात्र व्हँ' म्हणतात म्हणजे चार वीस, आणि नव्व्याण्णव म्हणजे चार वीस दहा नऊ. इंटरनेटवर यावर ढीगभर जोक आहेत. पण आमची आजी उन्हाळ्यात पापड लाटताना अजून विशीवर मोजते, "चार विसा झाले गं, अजून एक विसा की शंभर." म्हणजे आमच्या गच्चीवर कात्र व्हँ पापड वाळत घातलेले असतात. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडवाले नव्वदला सरळ नोनांत म्हणतात, शहाणे आहेत, पण मला आता फ्रान्सवालंच आवडतं, आजीमुळे. शिवाय आपण कुणाला हसायचं, आपल्यात एकोणसाठ, सदुसष्ट, ब्याऐंशी, प्रत्येक आकडा सुटा पाठ करावा लागतो, एखादी फ्रेंच मुलगी मराठी शिकायला बसली तर ती पहिल्या महिन्यात पळून जाईल.

लिंगाचं मात्र अवघड आहे. आपल्याकडे तीन, त्यांच्याकडे दोन, तरी सुटका नाही कारण आपलं नपुंसकलिंग कुठे वाटून टाकलंय काही पत्ता लागत नाही. पुस्तक तो, टेबल ती, घर ती. पण यातही एक छान गोष्ट सापडली. नदीला त्यांच्याकडे दोन शब्द आहेत. जी जाऊन समुद्राला मिळते तिला फ्लव्ह म्हणतात आणि तो पुल्लिंगी, जी दुसऱ्या नदीला मिळते ती रिव्हिएर आणि ती स्त्रीलिंगी. म्हणजे नर्मदामैया फ्लव्ह झाली, चक्क 'तो'. हे मी आजोबांना सांगितलं नाही, ते दरवर्षी ओंकारेश्वरला जातात. आणि आपली खान नदी, जी राजवाड्यामागून बिचारी कशीबशी जाते, ती क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला, म्हणजे आमच्याकडच्या सगळ्या रिव्हिएर. रिव्हिएर म्हटलं की खान नदी एकदम बरी वाटायला लागते. पुलावर उभं राहिलं की परत पहिल्यासारखी.

तू आणि तुम्हीचं असंच. त्यांच्यात त्यु आणि व्हू. इंग्लिश मीडियमवाल्यांना हे समजवायला क्लासमध्ये दोन तास गेले, मला दोन मिनिटं लागली, आणि तरी चुकते मीच. कारण मी आईला तू म्हणते आणि बाबांना तुम्ही, आजीला तू आणि आजोबांना तुम्ही. फ्रेंच घरात आता सगळ्यांना त्युच. एका डायलॉगमध्ये मुलगी वडिलांना त्यु म्हणत होती तर मी वाचताना आपोआप व्हू केलं. मॅडम म्हणाल्या चूक. चूक आहे मान्य आहे, पण जीभ वळत नाही, बाबांचा चेहरा समोर येतो.

आजोबांनी हार मानली नव्हती हे सांगायचं राहिलं. शांबेरीच्या हत्तींनी शिंद्यांची बाजू फारच वर गेली होती, तर एका रविवारी सकाळी पोहे-जलेबी झाल्यावर म्हणाले, "चल, तुला आमचं फ्रेंच दाखवतो," आणि स्कूटरवर मला माणिकबागेला घेऊन गेले. बाहेरूनच, आत कस्टम्स आणि जीएसटीचं ऑफिस आहे, रविवारी कोण आत घेणार. पण भिंतीबाहेर उभं राहून त्यांनी जे सांगितलं ते मला आधी माहीत नव्हतं आणि मग घरी येऊन ताडून पाहिलं तर बरंचसं खरं निघालं. यशवंतराव होळकर दुसरे, जन्म १९०८, ऑक्सफर्डला शिकलेले, विशीत पॅरिसच्या कलाकारांच्यात वावरत होते. आंरी-पिएर रोशे नावाच्या फ्रेंच लेखकाने त्यांची ब्रांकुसी या शिल्पकाराशी ओळख करून दिली, मान रेने त्यांचे आणि महाराणींचे फोटो काढले, बेर्नार बुते द मोंव्हेलने पोर्ट्रेट केली, एकात महाराज इव्हिनिंग ड्रेसमध्ये आणि एकात पांढऱ्याशुभ्र मराठी पोशाखात. माणिकबाग बांधणारा मुथेसियस जर्मन होता (आजोबा हे गाळतात), पण आतलं सामान पॅरिसहून आलं, रुलमान या फर्निचरवाल्याकडून वगैरे. ब्रांकुसीकडून पक्ष्याची तीन शिल्पं घेतली होती आणि त्यांच्यासाठी इंदुरात एक मंदिर बांधायचं होतं, ब्रांकुसी १९३७-३८च्या हिवाळ्यात इथे येऊनही गेला, पण मंदिर झालंच नाही. फर्निचर १९८० साली मोंते कार्लोच्या लिलावात गेलं. आणि २०१९ साली पॅरिसच्या डेकोरेटिव्ह आर्ट्सच्या म्युझियममध्ये याच महाराजांवर मोठं प्रदर्शन भरलं होतं.

आजोबा म्हणाले, "त्यांनी भाडोत्री सैनिक आणला, आमच्यांनी कला आणली." मग जरा थांबून, "कला टिकली नाही ते वेगळं."

तिथून मला वाटायला लागलं की मी यावरच काही करावं पुढे. रोशेची पत्रं, डायऱ्या, द ब्वान्यचे कागद, हे सगळं फ्रेंचमध्ये आहे, आणि त्यात इंदूर आहे, ग्वाल्हेर आहे, आणि आमच्यापैकी कुणी ते थेट वाचू शकत नाही. इकडे मोडीचे कागद वाचणारे आहेत, तिकडे फ्रेंच वाचणारे आहेत, दोन्ही वाचणारा शोधावा लागेल. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा नीट वळून बसले. "यात नोकरी?" म्हणाले. मी म्हटलं शिकवता येतं, भाषांतर आहे, पर्यटन आहे, कंपन्या आहेत, फ्रेंच शिकून कॅनडाला जायचं तर सगळे करतातच. "आणि हे कागदांचं?" म्हटलं हे नोकरीच्या नंतर रात्री. ते म्हणाले, "मग ठीक आहे." मी नोकरीबद्दल जेवढं बोलले त्यातलं निम्मं त्यांना शांत करायला होतं, हे त्यांनाही कळलं असणार, बँकेत रोज लोनवाले तेच करतात.

फक्त पॅरिसवालं फ्रेंच नाही वाचायचं हे पण माझं पक्कं आहे. पाँडिचेरी १९५४पर्यंत फ्रेंचांकडे होतं. मॉरिशसमध्ये आपली मराठी माणसं आहेत, दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी उसाच्या मळ्यांवर नेलेल्यांचे वंशज, आणि त्यांच्या रोजच्या बोलण्यात क्रेओल असते जी फ्रेंचमधून आलीय. भारतीय वंशाच्या आनंदा देवी मॉरिशसच्या, लिहितात फ्रेंचमध्ये. सेनेगलचे सेंघोर कवी होते आणि राष्ट्राध्यक्षही. मला आधी वाटायचं हे सिलॅबसच्या शेवटी उरलंसुरलं टाकतात तसं असेल, आता मी कॉलेज निवडताना आधी तोच पेपर आहे का ते बघते. जेएनयूच्या सेंटरच्या नावातच फ्रँकोफोन आहे म्हणून ते माझ्या यादीत वर गेलं, कारण जरा बाळबोध आहे पण असू दे.

आणि उलट बाजूनेही, आपल्याकडे फ्रेंच आलेलं आहेच की. हरि नारायण आपट्यांनी मोलिएरचं प्रहसन घेऊन 'मारून मुटकून वैद्यबुवा' केलं होतं. मोलिएरचा लाकूडतोड्या मार खाऊन डॉक्टर होतो ते १६६६ सालचं. आई नाव ऐकल्या ऐकल्या म्हणाली, "हे तर इंजिनीअरिंगच्या पोरांचं चाललंय."

तर आत्ता प्लॅन असा आहे. सीयूईटी, त्यात जेएनयू, डीयू, बीएचयू. नाहीच झालं तर बडोदा, मावशीने माळ्यावरची खोली आत्ताच झाडून ठेवलीय आणि तिला मी दिल्लीला जाऊच नये असं वाटतंय, फोनवर म्हणते, "इथे पण फ्रेंच शिकवतात बरं का, आणि थंडी पण नाही." पुणं तिसरं, कारण तिथे भाडं. कुठेही गेले तरी पहिल्या वर्षाच्या शेवटी बी वन, तिसऱ्याच्या शेवटी बी टू, आणि मग कालनिर्णयचं ते पान परत काढायचं, बाबांनी ते फाडून फाईलला लावलंय, फेकलेलं नाही.

सध्या समोर आहे ती डेल्फची (फ्रेंचच्या लेव्हलचं सर्टिफिकेट देणारी) ए टूची परीक्षा, भोपाळच्या अलियान्स फ्रान्सेजला. शंभर मार्क, ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं प्रत्येकी पंचवीस, पास व्हायला पन्नास, पण कुठल्याही एकात पाचच्या खाली गेलात तर बाकीचं कितीही असो, नापास. एकदा सर्टिफिकेट मिळालं की ते जन्मभर चालतं. माझं ऐकणं कच्चं आहे. रेल्वे स्टेशनवरची अनाउन्समेंट ऐकवतात आणि विचारतात गाडी कितीला सुटणार, आणि मला अजून इंदूर स्टेशनवरची कळत नाही.

बोलण्याची प्रॅक्टिस रोज रात्री आजीसमोर चालू आहे. ती परीक्षक होऊन आरामखुर्चीत बसते, हातात वाती वळायचा कापूस, मराठीत प्रश्न विचारते, मी फ्रेंचमध्ये उत्तर देते, तिला एक अक्षर कळत नाही. काल विचारलं, तुझं गाव कसं आहे सांग. मी राजवाड्यापासून सराफ्यापर्यंत सगळं सांगितलं, मध्ये दोनदा शब्द आठवेना म्हणून थांबले, गराडू फ्रेंचमध्ये काय सांगणार. आजीने वात वळून ताटलीत ठेवली आणि म्हणाली, "चांगलं आहे, पण हे दुद्रनेकचं वाटतंय गं. मध्ये मध्ये माघार घेतेस."

आतल्या खोलीतून आजोबा ओरडले, "त्याने माघार घेतली नव्हती!"